दिव्यावरचा आळ

पहाटे चारच्या सुमाराला कॅराव्हानमधला, म्हणजे गाडीमागे ओढत नेतो त्या चाकांवरच्या घरातला, फ्रिज तीनदा घुरघुरला, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांत थांबला आणि मग त्याच्या दारावरचा बारीक तांबडा दिवा लुकलुकू लागला. मी अंधारात चाचपडत उठले. दाराजवळच्या मीटरवर ११.४ व्होल्ट हा आकडा दिसत होता. वरच्या बाकावर माझी बारा वर्षांची मुलगी पुस्तक छातीवर उपडे ठेवून झोपली होती आणि तिच्या उशाशी असलेला वाचनाचा दिवा मंदपणे जळत होता. मी तिला हलवून जागे केले आणि म्हणाले, "रात्रभर दिवा चालू ठेवलास, म्हणून बॅटरी उतरली." ती अर्धवट झोपेतच "सॉरी आई" म्हणाली, हात लांबवून तिने दिवा बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपली. तिच्या पलीकडे माझा नवरा गाढ झोपेत होता. मी काही वेळ तशीच उभी राहिले. दोष सापडल्याचे एक थंड समाधान त्या वेळी माझ्या मनात होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा बाहेर पडलो. पहिल्याच रात्री तिच्या पांघरुणातून पिवळसर उजेड झिरपताना दिसला. तिने स्वतःची विजेरी आणली होती, शिवाय एका डबीत राखीव सेलही आणले होते. आपल्याकडे विजेरीलाही बॅटरीच म्हणतात आणि त्या शब्दाने त्या रात्री मला चांगलेच पकडले. "दिवा लाव की," मी म्हणाले. "नको," ती पांघरुणातूनच म्हणाली, "माझी बॅटरी आहे ना. तुझी नको वापरायला."

त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

घरी परतल्यावर मी तो वाचनाचा दिवा खोबणीतून काढून उलटा करून पाहिला. त्याच्या बुडाशी १२ व्होल्ट, ३ वॅट असे छापलेले होते. म्हणजे पाव अँपिअर करंट. ती रात्री दहाला वाचायला बसली आणि पहाटे चारपर्यंत दिवा जळत राहिला, असे धरले तरी हिशेब दीड अँपिअर-तासांचा (करंट गुणिले तास) होतो. आमची बॅटरी १०० अँपिअर-तासांची होती. फ्रिज चालू असताना चार अँपिअर घेतो आणि साधारण निम्म्याहून थोडा कमी वेळ चालतो. संध्याकाळी सातपासून पहाटे चारपर्यंत त्याने सोळा-सतरा अँपिअर-तास नक्कीच ओढले असणार. दिव्याचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण कागदावरचा हिशेब पुन्हा पाहताना लक्षात आले की फ्रिजही चोर ठरत नाही. शंभरातले अठरा गेले तर ब्याऐंशी उरायला हवेत, आणि ब्याऐंशी उरलेल्या बॅटरीवरचा फ्रिज बंद पडत नाही. ती बॅटरी रात्री उतरली नव्हती. ती संध्याकाळीच भरलेली नव्हती.

आता प्रश्न आदल्या दिवसाचा उरला. आम्ही सहा तास गाडी चालवली होती. कॅराव्हान ओढणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य असते की एवढे अंतर आलो, म्हणजे मागची बॅटरी भरलीच असणार. मीही त्या संध्याकाळी ते मोठ्या विश्वासाने उच्चारले होते. माझ्याकडे पुरावेही होते. गाडीच्या बॅटरीपासून कॅराव्हानच्या बॅटरीकडे जाणाऱ्या वायरवर एक रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, बसवलेला होता. इंजिन सुरू झाले आणि पुढचे व्होल्टेज १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, आणि १२.८ च्या खाली आले की तोडतो, म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी फ्रिजने गाडीची बॅटरी पिऊन टाकू नये. वाटेत मी बॉनेट उघडून पाहिले, तेव्हा रिलेवरचा दिवा पेटलेला होता. आणि मुक्कामी पोहोचून गाडी सोडवल्यावर मीटरवर १२.९ आकडा होता, जो कोणत्याही तक्त्यात पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या रकान्यातच बसतो. दोन्ही साक्षीदार खरे बोलले होते. मीच त्यांना भलते प्रश्न विचारले होते. रिलेचा दिवा एवढेच सांगत होता की वायर जोडलेली आहे. त्या वायरीतून किती पलीकडे पोहोचते आहे, याबद्दल त्याला काही म्हणायचे नव्हते. आणि मीटरला मी इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांच्या आत विचारले होते.

या दुसऱ्या चुकीची मला विशेष खंत वाटली, कारण ती न करण्याचे शिक्षण मला लहानपणीच मिळाले होते. माझ्या वडिलांकडे आम्लाची घनता मोजणारा एक जुना हायड्रोमीटर होता, काचेची जाड नळी, वर रबराचा फुगा आणि आत तरंगणारा आकड्यांचा दांडा. महिन्यातून एकदा ते गाडीच्या बॅटरीची सहाही बुचे उघडत, एकेका कप्प्यातले आम्ल नळीत ओढून घेत आणि दांडा कुठल्या रेषेवर तरंगतो ते मला वाचायला लावत. डोळा त्या रेषेच्या पातळीत आणून वाचायचे, वरून वाकून नाही. १.२६५ च्या आसपास आले तर कप्पा भरलेला, १.१५ आले तर कप्पा दमलेला. आम्लाचा तो आंबट, धातूसारखा वास आणि त्यांच्या कामाच्या शर्टाला पडलेली टाचणीएवढी भोके मला अजून आठवतात. बॅटरी चार्जरवरून काढल्या काढल्या ते कधीच मोजत नसत. रात्रभर तशीच ठेवत. मी घाई केली की म्हणत, "आत्ताच जेवून उठलेल्याला भूक लागली का विचारू नये, तो नाहीच म्हणणार." त्यामागचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले. चार्जिंग चालू असताना शिशाच्या पट्ट्यांचा पृष्ठभाग आधी भरतो आणि आतला भाग मागाहून. इंजिन बंद केल्या केल्या दिसणारे व्होल्टेज हे बरेचसे त्या पृष्ठभागाचे असते. काही तास कोणताही भार न लावता थांबले की ते आपल्या खऱ्या जागेवर येते. भरलेली बॅटरी तेव्हा १२.७ च्या आसपास राहते आणि अर्धी भरलेली १२.२ च्या आसपास. अर्ध्या व्होल्टमध्ये अर्धी बॅटरी मावते; एवढ्या अरुंद पट्टीवर मी एका झटपट नजरेने निकाल दिला होता.

आणखी एक गोष्ट माझ्या विरुद्ध जात होती. त्या सहलीपूर्वी कॅराव्हान कित्येक आठवडे अंगणात उभी होती. मागच्या वेळी परत आल्यावर मी दार लावले, पडदे ओढले आणि बॅटरी चार्जरला न लावताच निघून गेले. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाच्या दोन पत्र्यांमध्ये कापड घालून त्यांची गुंडाळी आम्लात बुडवली आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी जगाला दिली. तेव्हापासून या जातीच्या बॅटरीचा स्वभाव काही बदललेला नाही. ती रिती होताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर धरतो. लगेच भरली तर तो विरघळतो. तसाच राहू दिला तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात, आणि मग कितीही वीज दिली तरी त्यांतले काही परत फिरत नाहीत. हे मला माहीत होते. अंगणातून जाताना खिडकीतून ते मीटर दिसते, हेही माहीत होते.

एका रविवारी मी खरी तपासणी करायचे ठरवले. कॅराव्हान गाडीला जोडली, इंजिन सुरू केले आणि व्होल्टेज मोजायचा एक मल्टिमीटर घेऊन बॉनेटशी उभी राहिले. दुसरा मल्टिमीटर घेऊन मुलगी मागे बॅटरीपाशी बसली. मी पुढचा आकडा मोठ्याने सांगायचा, तिने मागचा. पुढे १४.२. मागून आवाज आला, "बारा पूर्णांक नऊ!" मला वाटले तिने मीटरच्या सुया नीट टेकवल्या नसतील. तिने पुन्हा टेकवल्या, पुन्हा तेच. सव्वा व्होल्टहून अधिक व्होल्टेज वाटेतच नाहीसे होत होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे आडात भरपूर होते, पोहराही धड होता, पण दोर वाटेत पाणी पीत होता. मी गाडीखाली वाकून वायरीला हात लावला, ती कोमट होती. मागच्या कनेक्टरची एक पिन त्याहून गरम होती. तिच्यावर हिरवट थर चढला होता.

वायर मी स्वतःच निवडली होती. तिच्यावर सहा मिलिमीटर लिहिलेले होते आणि मी ते सहा चौरस मिलिमीटर तांबे असे वाचले. काही वाहनांच्या वायरींवरचा आकडा वरच्या प्लॅस्टिकसकट एकूण जाडीचा असतो, हे मला पुढे समजले. अशा सहाच्या वायरीत प्रत्यक्ष तांबे साडेचार चौरस मिलिमीटरच्या थोडेच वर असते. पुढून मागे आठ मीटर आणि परत आठ मीटर, अशी सोळा मीटर वायर धरली तर तिचा रोध साठ मिलिओहम होतो. कनेक्टर, फ्यूज आणि गंजलेल्या पिनेचे वीस धरले तर ऐंशी. सोळा अँपिअर वाहू लागले की सव्वा व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि वीस वॅट उष्णता रस्त्यावर सांडत जाते. बारीक वायरीमुळे बॅटरी कधीच भरत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. बॅटरी भरत आली की ती करंट कमी ओढते, करंट कमी झाला की वाटेतली गळतीही कमी होते, आणि दोन दिवस अखंड गाडी चालवली तर ती कदाचित भरेलही. फक्त तसा प्रवास कुणी करत नाही.

आम्ही आकडे लिहीत होतो तोवर वीसेक मिनिटे गेली आणि पुढच्या मीटरवरचा आकडा आपोआप उतरू लागला. १४.२ चे १३.८ झाले, मग १३.२. मी घाबरून इंजिनाकडे पाहिले. पण ते बिघडले नव्हते, ते काटकसर करत होते. नव्या गाड्यांमधला संगणक आपली बॅटरी भरली असे पाहतो आणि इंधन वाचावे म्हणून अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राचे, व्होल्टेज खाली आणतो. मागे कुणाची तरी उपाशी बॅटरी दोरीला बांधलेली आहे, हे त्याला ठाऊक नसते. शिशाच्या बॅटरीला नीट भरण्यासाठी तिच्या टोकांशी १४.४ च्या आसपास व्होल्टेज हवे असते. आमच्या मागच्या टोकाला आता १२.७ पोहोचत होते. तो सहा तासांचा प्रवास मी पुन्हा मनात चालवून पाहिला. पहिल्या वीस मिनिटांत चार-पाच अँपिअर-तास आणि पुढे तासाला जेमतेम तीन, कारण येणाऱ्यातले काही वाटेतच फ्रिज खात होता. सहा तासांच्या अखेरीस फार तर वीस. "लिहू का सगळे खाली?" मुलीने मागून विचारले. ती एका वहीत दोन रकाने आखून आकडे मांडत होती. आपण स्वतःच्याच निर्दोषत्वाचा पुरावा जमवत आहोत, याची तिला कल्पना नव्हती. आणि मला ती होती, तरी मी त्या दिवशी काही बोलले नाही. ठरवले होते, सगळे नीट झाले की सांगू. अशी ठरवलेली वेळ सहसा आपल्या सोयीची असते.

पुढचे काम नवऱ्याने आणि मी दोन सुट्ट्यांमध्ये केले. कॅराव्हानमध्ये, बॅटरीच्या शेजारीच, डीसी-डीसी चार्जर बसवला. येणारे व्होल्टेज कितीही पडलेले असो, तो ते उचलून बॅटरीला हवे तेवढे करून देतो. पण तो जादूगार नाही, सावकार आहे. २५ अँपिअर १४.४ व्होल्टने द्यायचे म्हणजे ३६० वॅट, आणि तेवढे बाहेर काढण्यासाठी तो पुढून तीस-बत्तीस अँपिअर ओढतो. जुन्या वायरीवर तेवढ्यानेच अडीच व्होल्ट पडले असते. म्हणून वायरही बदलावी लागली, या वेळी सोळा चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि विकत घेण्यापूर्वी मी टोक सोलून आतले तांबे पाहिले. आता पडझड अर्ध्या व्होल्टच्या आसपास आहे. वायरीच्या दोन्ही टोकांना, आपापल्या बॅटरीच्या जवळ, फ्यूज लावले. अशा वायरीला दोन्हीकडून वीज येऊ शकते, त्यामुळे एकाच टोकाच्या फ्यूजवर भागत नाही. रिले काढून टाकला. तो मी फेकला नाही, खणात ठेवला आहे. का, ते विचारू नये.

एवढे करूनही बॅटरी आपल्या गतीनेच भरते. तिसाचे ऐंशी टक्के व्हायला नव्या चार्जरला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. उरलेल्या वीस टक्क्यांना मात्र आणखी चार-पाच तास हवे असतात, कारण व्होल्टेज १४.४ ला पोहोचल्यावर किती करंट घ्यायचा हे बॅटरी ठरवते, आणि ती दर तासाला कमी कमी घेत जाते. तिथे मोठा चार्जर लावूनही फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे सहा-सात तासांची आमची वाट आता जेमतेम पुरते, आणि मुक्कामी पोहोचताना आकडा अजून शंभरला टेकलेला नसतो. उरलेले काम छतावरच्या सोलर पॅनेलवर सोपवले आहे. त्याच्याशी आमचा वेगळाच तंटा चालतो. आम्हाला झाडाखालची जागा हवी असते, त्याला उघडे माळरान. एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्याचे उत्पन्न सावलीच्या मापापेक्षा पुष्कळ अधिक घटते, कारण आतले सेल एका साखळीत गुंफलेले असतात. आणि तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेज उतरते, म्हणजे ज्या दुपारी आपण त्याच्याकडून सर्वांत अधिक अपेक्षा करतो, तेव्हा तेही आपल्यासारखेच मलूल झालेले असते. नवऱ्याचे मत आहे की आता लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्यावी. ती हलकी असते, भराभर भरते आणि अर्धवट भरलेली ठेवली तरी तिचे काही बिघडत नाही, हे सगळे मला मान्य आहे. पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही आणि आम्हाला थंडीतले डोंगर आवडतात, हे माझे उघड कारण. आतले कारण असे की तिचे व्होल्टेज भरलेली असताना आणि बरीच रिती झालेली असतानाही जवळजवळ सारखेच राहते. चेहऱ्यावरून तिचे काहीच कळत नाही. शिशाची बॅटरी निदान नीट विचारले तर सांगते.

नीट विचारता यावे म्हणून शेवटी शंट बसवला. बॅटरीच्या ऋण टोकापाशी पितळेचा एक ठोकळा, त्यातून जाणारा प्रत्येक अँपिअर मोजला जातो, किती गेला, किती आला, आणि दाराजवळच्या छोट्या पडद्यावर त्याची रोजकीर्द दिसते. पहिले काही दिवस मी त्या पडद्यापुढून हलत नव्हते. पंप सुरू झाला की आकडा उसळतो, ढग आला की सोलरचा आकडा दबकतो. घर म्हणून जे आपण नुसते वापरत असतो, त्याचा श्वास असा दिसू लागला की बरे वाटते, आणि थोडी पाळत ठेवल्यासारखेही वाटते. मुक्कामी उतरल्यावर मी आता आधी आकाशाकडे पाहते की पडद्याकडे, हे विचारले तर प्रामाणिक उत्तर देणे मला अवघड जाईल.

त्यानंतरच्या पहिल्या सहलीत, एका तळ्याकाठी, अंधार पडल्यावर मी मुलीला पडद्यापाशी बोलावले. सगळे बंद केले होते. आकडा शून्याच्या अगदी जवळ होता. "तुझा वाचनाचा दिवा लाव," मी म्हणाले. तिने लावला. पडद्यावर उणे ०.३ उमटले. तेवढ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि आकडा उणे ४.२ झाला. तिने दोन्ही पाहिले, दिवा बंद केला, पुन्हा लावला, आणि उणे ३.९ व उणे ४.२ यांच्यात ते चिमुकले हेलकावे स्वतः दोनदा करून पाहिले. मी तिला त्या रात्रीचा सगळा हिशेब सांगितला. वायर, पिन, अल्टरनेटर, अंगणात उभी असलेली कॅराव्हान, सगळे. कदाचित जरुरीपेक्षा जास्त सांगितले; वायरीच्या जाडीबद्दल तिला एवढे ऐकायचे नव्हते. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे चार्ज करायला तू विसरली होतीस."

"हो," मी म्हणाले.

"मग तेव्हा मला का ओरडलीस?"

दिवा समोर होता म्हणून, असे मी म्हणाले. त्याहून चांगले उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि आताही नाही. तिने खांदे उडवले, बाकावर चढली आणि दिवा लावून पुस्तक उघडले. पडद्यावर उणे ०.३ स्थिर झाले. मी बराच वेळ ते पाहत बसले. रात्री कधीतरी तिला डोळा लागला, तेव्हा दिवा बंद करायला मी उठले. तिची मान सरळ करताना उशीखाली हाताला काहीतरी कठीण लागले. ती विजेरी होती, शेजारी राखीव सेलांची डबीही. मी ती जिथे होती तिथेच ठेवली आणि दिवा तसाच राहू दिला.